मागच्या डाव्या दाराची सुरकुती

सुरकुती पहिल्यांदा मला दिसली, आणि मी तिच्यावर ओला फडका टाकला.

फडक्याने सुरकुती जात नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण दहा फुटांवर रंगराव पुढच्या दाराच्या पॅनेलला क्लिपा बसवत होते, आणि त्यांनी मान वर करायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. घरात काही सांडलं की आधी त्यावर फडका टाकायचा, ही माझ्या हातांची सवय. दुकानातही तीच कामाला आली.

रंगराव म्हणजे माझे मालक. त्या काळी मी त्यांचं नाव तोंडाने घेत नव्हते. आता लिहिताना घेते, नाहीतर 'हे' म्हणाले आणि 'ते' म्हणाले यात वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं सीट कव्हरचं दुकान होतं, अजून आहे. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला गाड्यांचे पत्रे ठोकणारा, मधे आम्ही. दिवसभर दोन्हीकडून ठणठणाट. रेक्झिनचं काम बारा महिने चालायचं, खऱ्या चामड्याचं वर्षाकाठी एखाददुसरं. ते आलं की रंगरावांची भूक मरायची आणि आमची त्यांच्या चिडचिडीने.

त्या एप्रिलात घाटगे वकीलबाईंच्या वडिलांची जुनी फियाट आली होती. चारी दारांची आतली पॅनेलं नवी करायची, मरून रंगाच्या चामड्यात. रंगरावांनी हौसेने दारांना हात टेकायला उंचवटा काढला होता आणि त्याच्या खाली दाराच्या लांबीभर एक खोलगट पन्हळ. दिसायला सुरेख, पण चामडं बसवणाऱ्याचा जीव घेणारी. कातडं मद्रासहून मागवलेलं, एकच. त्यातून चार दारं काढायची आणि संध्याकाळी पाचला वकीलबाई गाडी न्यायला येणार, असं ठरलेलं.

आणि अकरा वाजता मागच्या डाव्या दाराच्या पन्हळीत ही सुरकुती. बोटभर लांब, तिच्या शेजारी दोन बारक्या.

"फडका कशाला टाकलायस?" रंगराव म्हणाले. त्यांनी मान वर केलीच होती.

"धूळ बसतीय म्हणून."

ते उठून आले आणि फडका उचलला. अंगठ्याने सुरकुती दाबली, ती दबली, अंगठा काढला तशी परत वर आली.

"मशीनची वायर दे इकडं," ते म्हणाले. "हीटगन लावतो."

दुकानाच्या मागच्या बाजूला, उताराच्या लाकडी पाटासमोर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे, दत्तोबा. त्यांनी चाळीस वर्षं चपला केल्या. चपलेचं काम बसलं तसे ते लेकाच्या दुकानात येऊन कातडं कापायला लागले. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची रापी होती. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. घासून घासून तिचं पातं अर्धं झालं होतं आणि मुठीवर दोन पिढ्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. घरात देवाला हात लागला तर चालायचा, रापीला नाही.

सहा महिन्यांपूर्वी मामांच्या हातून एक कातडं वाया गेलं होतं. उजवा हात थरथरायला लागला होता त्यांचा. रेघ सोडून रापी वीतभर आत गेली. रंगराव त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, रागावू नका. पण आणि एक कातडं वाया गेलं, तर रापी काढून घेणार मी तुमच्याकडनं." मामा हसले. त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मामांनी मला हाक मारली. रंगराव पोरांना शाळेत सोडून, गिऱ्हाइकांकडे चकरा मारून दहाला यायचे. तोवर दुकानात आम्ही दोघंच.

"शालन, तुझ्या बापानं तुला रापी धरू दिली हुती न्हवं?"

"लहानपणी. पट्ट्या कापायला."

"मग बस हितं."

तेव्हापासून मामा कातड्यावरून तळवा फिरवून कुठून काय निघेल ते सांगायचे आणि मी कापायची. दहाच्या आत सगळे तुकडे रचून ठेवायचे, आणि मी मशीनवर जाऊन बसायची. रंगराव येऊन तुकडे बघायचे. "आबांचा हात परत बसला की," म्हणायचे. मामा गालातल्या गालात हसायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. सहा महिने आम्ही दोघांनी त्यांना बनवलं.

म्हणून त्या सुरकुतीवर मी फडका टाकला. ती माझी होती.

कातडं जनावराच्या पाठीच्या कण्याच्या रेषेत ताणत नाही, आडवं ताणतं. चपलेचा पट्टा म्हणूनच कण्याच्या रेषेत काढतात, वापरून लांबू नये म्हणून. दाराचं उलटं. पन्हळीत खाली उतरायला कातड्याला ताण हवा, म्हणून फर्मा, म्हणजे कापायचा पुठ्ठ्याचा नमुना, आडवा ठेवायचा. मामांनी त्या सकाळी बजावलं होतं, "चारी फर्मे आडवे." आणि ते चहा प्यायला कोपऱ्यावर गेले.

तीन फर्मे आडवे ठेवले. चौथा ठेवताना दिसलं की तो उभा ठेवला तर कडेला हातभर लांबीची पट्टी वाचतेय. चप्पल करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वाचलेलं चामडं दिसलं की बाकीचं काही दिसत नाही. तुकडा वाया घालवला म्हणून मी बापाचा मार खाल्लेला आहे. पण ही सबब झाली. खरं असं की महाद्वार रोडच्या एका दुकानात काचेमागे मी एक पर्स बघितली होती, तशीच, मरून. माझ्या मनात ती बसली होती. मी फर्मा उभा फिरवला आणि कापलं. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली. गुंडाळण्याआधी त्या कागदावर पेनाने पर्सचं चित्रही काढलं, झडप, बटण, सगळं. मग ती माझ्या पिशवीत डब्याखाली ठेवली.

रंगरावांनी हीटगन लावली. गरम हवेने कातडं मऊ झालं, त्यांनी दोन्ही कडा धरून ओढलं आणि सुरकुती गेली.

"गेली की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"गार होऊ दे."

गार झाल्यावर परत आली. त्यांनी पुन्हा गन लावली, जवळून. या खेपेला कातड्यावर रुपयाएवढी चकाकी आली. अजून दोन सेकंद धरली असती तर करपलं असतं. त्यांनी गन आपटून बंद केली. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. चिकटवायचं सोल्युशन पातळ लागलंय म्हणाले, उन्हाला दोष दिला, फोमला दिला. मी मशीनवर बसून एकच शिवण तिसऱ्यांदा उसवत होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं की घड्याळच दिसतं.

साडेबाराला त्यांनी पॅनेल उलटं केलं. मागे वळवलेल्या कडेची उलटी बाजू त्यांनी नखाने खरवडली, दोन्हीकडून ओढून बघितली. मला कळलं की आता त्यांना कळलं.

ते मामांच्या पाटासमोर जाऊन उभे राहिले.

"आबा, ह्या दाराचा फर्मा उभा ठेवलासा?"

मामांनी पॅनेल हातात घेतलं. तळवा फिरवला. डोळे मिटून फिरवला, सकाळी फिरवायचे तसा. मग त्यांचा हात थांबला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही.

"व्हय," ते म्हणाले. "उभा ठेवला."

"पण का?"

"चपलेचा हात हाय बाबा. गेला सवयीनं. चुकलं."

मी उठले. "अहो, मामांनी नाही..."

"शालन," मामा म्हणाले, "चहा सांग जा कोपऱ्यावर."

"मामा, मी..."

"चहा सांग म्हटलं न्हवं?"

मी गेले. कोपऱ्यापर्यंत आणि परत, एवढ्यात डोकं भणाणून गेलं. मी कापलं असं सांगावं, तर पुढचा प्रश्न येणार, तू कधीपासून कापतेस? मग थरथरणारा हात उघडा पडणार आणि मामांची रापी जाणार. न सांगावं, तर दुसरं कातडं वाया घालवलं म्हणून रापी जाणार. हातभर पट्टीपायी मी त्यांना असं दोन्हीकडून कोंडलं होतं. रस्त्यात एक ओळखीची बाई "काय शालन, बरं हाय न्हवं?" म्हणाली. मी तिला हो म्हणाले की नाही, आठवत नाही.

परत आले तेव्हा रंगराव येरझाऱ्या घालत होते.

"दुसरं कातडं यायला पंधरा दिवस. बाई पाचला येणार. मी सांगू काय त्यास्नी?"

"ताणून जायची न्हाई ती," मामा म्हणाले. "किती ताणशील? कातड्याला तिकडनं जायचंच न्हाई. तासून जाईल."

"म्हणजे?"

"काढ ते बोर्डावरनं. थिनर सोडत सोडत काढ, फाडू नको. पन्हळीत जेवढं बसायचंय तेवढं मागनं तासून पातळ करायचं. चपलेचा अंगठा तासतोय तसं. पातळ झालं की बसतंय."

"आणि आरपार गेलं तर?"

"तर गेलं."

अर्धा तास लागला कातडं सोडवायला. मग ते पाटावर उलटं पसरलं. मामांनी रापी घेतली. पन्हळीच्या जागी खडूने खूण केली. ती खूणच वाकडी आली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पातं कातड्याला लावलं. पातं कातड्यावर टकटक वाजत होतं. लेथ नेमका बंद होता, त्यामुळे तो आवाज आम्हा तिघांनाही स्वच्छ ऐकू आला.

रंगराव वाकून त्या हाताकडे बघत राहिले.

मामांनी पातं उचललं. "शालन, बस हितं."

"तिला?" रंगराव म्हणाले. "आबा, एकच हाय ते. वाया गेलं तर काय न्हाई आपल्याकडं."

"मग तू तास."

रंगराव मशीनचे माणूस. टीप सरळ मारावी त्यांनीच, पण रापी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. ते बाजूला सरकले.

मी बसले. मुठीवरच्या त्या खळग्यात माझा अंगठा गेला, सहा महिने जात होता तसाच. मनात म्हटलं, जरा घाबरल्यासारखं करावं, एकदा चुकून दाखवावं, म्हणजे संशय यायचा नाही. पण कातड्यावर चुकून दाखवायला जागाच नव्हती. मी पातं निजवलं आणि तासायला लागले. भुसा पडावा तशी साल निघत होती. मामा शेजारी बसून बोटांच्या चिमटीत जाडी बघत होते.

"अजून."

मी तासलं.

"डावीकडं अजून. तितं जाड हाय."

तासलं. आता कातडं उजेडासमोर धरलं की त्यातून लालसर दिसायला लागलं होतं. माझ्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि तो कातड्यावर पडू नये म्हणून मी मान वाकडी करून बसले होते. रंगराव कातड्याकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते.

"आणि एक हात. हलका," मामा म्हणाले.

"मामा, आरपार जाईल."

"जात न्हाई. तुझ्या हातानं जात न्हाई."

मी हलका हात फिरवला.

"बास."

पुढचं काम मामांनी केलं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कातड्याची वरची बाजू जराशी ओलसर केली. सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायला लावलं. ती पंधरा मिनिटं म्हणजे शिक्षा होती. रंगराव तीनदा बाहेर जाऊन आले. मग कातडं बसवताना मामांनी कडेला हात लावू दिला नाही. "कडंपासनं दाबलं की सुरकुती मधी येणारच. आधी तळ बसवायचा. कडा आपोआप येत्यात." म्हशीच्या शिंगाचा एक घोटीव तुकडा होता त्यांच्याकडे. तो पन्हळीच्या तळाशी टेकवून त्यांनी सगळा भार दिला आणि इंचाइंचाने बाहेर सरकत गेले. दाबून धरल्यावर त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मी ते तेव्हाच पहिल्यांदा बघितलं आणि मला रडू आलं. डोळ्यात थिनर गेलं म्हणून मी तोंड धुवायला गेले.

सव्वाचारला मामांनी शिंग खाली ठेवलं. पन्हळ लख्ख. मघाची चकाकीही ओल्या फडक्याने जवळजवळ गेली होती. रंगरावांनी पॅनेल उजेडात फिरवून फिरवून बघितलं आणि गाडीला बसवलं.

वकीलबाई पाचला पाच कमी असताना आल्या. साठीच्या, ताठ, कोर्टातून थेट. त्या डोळ्यांनी बघतच नव्हत्या. प्रत्येक दार उघडून आत बसायच्या, डोळे मिटायच्या आणि आतून हात फिरवायच्या. पुढची दोन दारं झाली. मागचं उजवं झालं. डाव्या दाराच्या पन्हळीत त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"हे दार कुणी केलं?"

मी रंगरावांकडे बघितलं, ते मामांकडे.

"माझ्या हातनं झालंय," मामा म्हणाले. "का वो, बाईसाहेब?"

"इथं केवढं मऊ लागतंय! बाकीची तीन अशी का नाही केली?" बाई म्हणाल्या. "हातचं राखून काम करता काय तुम्ही?"

मला हसू फुटणार होतं, पण रंगरावांचा चेहरा बघून आत गेलं. गाडी निघून गेली. ते बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मग वळले.

"आबा, आता पुरे," ते म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. "रापी ठेवा आता."

मामांनी पातं फडक्याने पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. "ठेवली," म्हणाले.

मी तिथेच उभी होते. दोन शब्द होते बोलायचे, ते बोलले नाही. पिशवी उचलली. ती हलकी लागली म्हणून आत बघितलं. डबा होता. वर्तमानपत्राची गुंडाळी नव्हती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रंगरावांनी काढली असेल, असंच धरून चालले होते मी. उजाडताना ठरवलं की सगळं सांगून टाकायचं, मग माहेरी पाठवलं तरी चालेल. पण सकाळी मामा दुकानात यायलाच निघाले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा गुडघा कामाच्या दिवशी कधी दुखला नव्हता. त्या दिवशी रंगरावांनी आणि मी दुकान उघडलं.

"हे घे," आत शिरल्यावर ते म्हणाले. "आबांनी तुला द्यायला सांगितलंय."

वर्तमानपत्राची गुंडाळी होती. कागद मी ओळखला, त्यावर माझी पर्स होती, झडप आणि बटणासकट. आत रापी होती. रापीला म्यान शिवलेलं होतं, मरून चामड्याचं. एकही टाका सरळ नव्हता.

रंगरावांनी म्यान हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे मरून कुठनं आलं? कातडं तर सगळं लागलं हुतं."

एवढा वेळ मला वाटत होतं की मामांनी मला वाचवलं. त्यांनी वाचवलंच होतं, पण सुटून जाऊ दिलं नव्हतं. प्रश्न उगवेल अशी वस्तू त्यांनी माझ्या हातात दिली होती, आणि उत्तर द्यायला मला एकटीला ठेवलं होतं.

"मी वाचवली ती पट्टी," मी म्हणाले. "पर्ससाठी. फर्मा मी उभा ठेवला. मामा चहाला गेले हुते. त्यांनी आडवाच सांगितला हुता."

रंगराव स्टुलावर बसले.

"किती दिवस कापतीयस?"

"सहा महिने."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी म्यान माझ्याकडे परत दिलं. पलीकडे लेथ सुरू झाला. मग ते उठले, एका जीपच्या सीटसाठी आणून ठेवलेलं काळं कातडं त्यांनी काढलं आणि पाटावर पसरलं. मामांच्या जागेवर.

"बस," ते म्हणाले. "आणि परत काय कापायचं असलं तर माझ्यासमोर काप. चोरून कशाला?"

दुपारी मी मामांना जेवण वाढायला घरी गेले. ते ओसरीत बसले होते, गुडघा चांगला दुमडून.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"मग झालं. आता घरी बसायला मला हरकत न्हाई." त्यांनी भाकरी मोडली. घास तोंडाशी नेताना हात थरथरत होता, आणि आता तो लपवायची त्यांना गरज नव्हती. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "काल सांजच्याला आधी पर्सच करायला घेतलती मी. तुझं चित्र बघून. मांडून बघितली, पर न्हाई बसली."

"का?"

"वीतभर कमी पडत हुतं, पोरी," मामा म्हणाले. "म्हणून मग म्यान केलं."